मार्चअखेर आणि मिरग : सरकारी इमारतीच्या दुरुस्तीचा पैसा आणि आपली उधारी

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर हे गाव बाहेरगावच्या लोकांना शंकराच्या देवळासाठी व नारळीच्या किनाऱ्यासाठी ठाऊक आहे. आमच्या कारागीर व व्यापारी बांधवांना मात्र या किनाऱ्याची दुसरीही एक ओळख आहे. इथला खारा वारा लोखंड खातो. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कौले सरकतात, वासे कुजतात, गिलाव्याला फुगारा येतो आणि स्लॅबमधल्या सळ्या गंजून काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. जी गत घरांची, तीच शाळेची, आरोग्य केंद्राची, अंगणवाडीची व ग्रामपंचायतीच्या कचेरीची. म्हणून या भागात सरकारी इमारतींच्या दुरुस्तीची कामे कधी संपत नाहीत.

या कामांवर बरीच घरे चालतात. चिरेखाणवाला, सिमेंट-वाळूचा दुकानदार, शृंगारतळी किंवा चिपळूणच्या बाजारातला हार्डवेअरवाला, गवंडी, सुतार, रंगारी, वायरमन, खिडक्या व ग्रील बनवणारा, अशा सर्वांचा हात त्या एका छपराला लागतो. यांत आपले बांधव पुष्कळ आहेत. आणि त्यांची तक्रारही सर्वत्र एकच आहे : माल गेला, काम झाले, पैसे आले नाहीत. ठेकेदाराला विचारावे तर उत्तर ठरलेले असते, "सरकारचे बिल निघाले नाही."

हे उत्तर कधी खरे असते, कधी खोटे. ते खरे की खोटे हे ओळखता यावे, एवढ्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

इमारत कोणाची?

पहिला प्रश्न हाच विचारावा. कारण इमारत ज्याची, त्याचीच तिजोरी आणि त्याचाच इंजिनियर. गावात आपण सगळ्यालाच "सरकारी" म्हणतो, पण सरकारची घरे अनेक आहेत.

प्राथमिक शाळा, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र व उपकेंद्र ही साधारणपणे जिल्हा परिषदेची. जिल्हा परिषदा आपल्या राज्यात १९६१ च्या कायद्याने १ मे १९६२ पासून सुरू झाल्या. त्यांचा बांधकाम विभाग स्वतंत्र आहे. तहसील कचेरी, ग्रामीण रुग्णालय, विश्रामगृह, सरकारी कर्मचाऱ्यांची निवासस्थाने यांची देखभाल राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असते. ग्रामपंचायतीची कचेरी ग्रामपंचायतीची. वेळणेश्वरला पर्यटकांसाठी जे निवास आहे ते १९७५ साली स्थापन झालेल्या पर्यटन विकास महामंडळाचे, म्हणजे तिसरीच व्यवस्था. आणि रत्नागिरीचा थिबा राजवाडा, जो ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी १९१० साली बांधून झाला, त्याची जबाबदारी आज पुरातत्त्व खात्याकडे आहे. तिथे साधा चुना-गिलावासुद्धा त्या खात्याच्या नियमाने करावा लागतो.

आता पैसा. राज्याच्या अंदाजपत्रकात नवी इमारत ही भांडवली खर्चात धरली जाते, तर दुरुस्ती ही महसुली खर्चात. पगार, निवृत्तिवेतन व व्याज हेही महसुली खर्चातच असतात. ते टाळता येत नाहीत. म्हणून ओढाताण झाली की दुरुस्तीला कात्री लागते. नव्या इमारतीची कोनशिला बसते, समारंभ होतो. जुन्या छपराची कौले बदलली तर कोणी फीत कापत नाही. दुरुस्ती मागे पडण्याचे एक मोठे कारण इथेच आहे.

जिल्हा पातळीवर पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती निधी वाटते. शाळांच्या विशेष दुरुस्तीचा पैसा बहुधा याच वाटेने येतो. ग्रामपंचायतींना केंद्रीय वित्त आयोगाचा निधी मिळतो. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी त्यातला ६० टक्के पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिला व ४० टक्केच मोकळा ठेवला. समग्र शिक्षा योजनेत शाळेला वर्षाचे अनुदान पटसंख्येवर ठरते : ३१ ते १०० मुलांच्या शाळेला २५ हजार, १०१ ते २५० मुलांच्या शाळेला ५० हजार. प्राथमिक आरोग्य केंद्राला २००५ साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानात वार्षिक देखभालीसाठी ५० हजार ठरवले गेले. या रकमांत रंग, काचा, नळ, थोडी कौले होतात. आढेच वाकले असेल तर त्यासाठी वरच्या निधीची वाट पाहावी लागते.

मार्चअखेर आणि मिरग

सरकारचे वर्ष ३१ मार्चला संपते. कोकणातल्या गवंड्याचे वर्ष मिरगाला, म्हणजे ७ जूनच्या सुमारास संपते. आपल्या उधारीचे सारे दुखणे या दोन तारखांमध्ये आहे.

छपराचे काम पाऊस ओसरल्यावर, दिवाळीनंतर सुरू व्हावे आणि फेब्रुवारीपर्यंत संपावे, ही शहाणपणाची रीत. पण निधी येतो वर्षाच्या शेवटी. आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मंजुरी, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. इतके होईपर्यंत फेब्रुवारी-मार्च उजाडतो. ३१ मार्चपर्यंत खर्च पडला नाही तर कित्येक निधी परत जातात. म्हणून घाई होते. काम प्रत्यक्षात एप्रिल-मेमध्ये करायचे आणि कागदावर ते मार्चमध्ये झालेले दाखवायचे, हा मोह इथेच निर्माण होतो.

असा मोह झाला की दोन गोष्टी घडतात. एक, बिल आधीच निघालेले असते, पैसा ठेकेदाराने दुसऱ्या कामात घातलेला असतो, आणि मे महिन्यात माल देणाऱ्याला "बिल निघाले नाही" असे सांगितले जाते. दोन, पैसे मिळून गेल्यावर उरलेले काम मिरगाच्या आधी कसेबसे उरकले जाते. सिमेंट कमी, पाणी मारणे नाही, वाशांना वाळवीचे औषध नाही. पहिल्याच पावसात वर्गात बादल्या ठेवाव्या लागतात. त्या वर्गात बसणारी मुले आपलीच असतात.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. कित्येकदा ठेकेदार खरेच अडकलेला असतो. काम पूर्ण, मोजमाप पूर्ण, पण निधी आलेला नाही. २०२५ साली राज्यभरातील ठेकेदारांच्या संघटनांनी हजारो कोटींची देयके थकल्याचे सांगून आंदोलने केली. अशा वेळी ठेकेदाराला खोटा ठरवून भांडण्यात अर्थ नाही. म्हणूनच ऐकीव गोष्टीवर न जाता कागद पाहावा, असे आमचे सांगणे आहे.

देखरेखीचे तीन कागद

सरकारी कामावर शाखा अभियंता, उपअभियंता, कार्यकारी अभियंता अशी देखरेखीची उतरंड असते. पुढे लेखापरीक्षण आहे, विधिमंडळाची पंचायत राज समिती आहे. पण गावातल्या माणसाच्या उपयोगाचे कागद तीनच.

पहिला, अंदाजपत्रक. यात कामाची एकेक बाब, तिचे माप आणि सरकारी दरसूचीप्रमाणे तिचा दर लिहिलेला असतो. सागाचा वासा की दुसऱ्या लाकडाचा, रंगाचे हात किती, गिलावा किती मिलिमीटर जाडीचा, हे सर्व त्यात असते. कारागिराने काम घेण्याआधी हे पाहिले तर त्याला कळते की ठेकेदार जे सांगतो आहे ते मंजूर कामापैकीच आहे, की "जादा बाब" आहे. जादा बाबीला लेखी मंजुरी नसेल तर तिचे पैसे ठेकेदारालाच मिळत नाहीत. मग कारागिराला कुठून मिळणार?

दुसरा, मोजमाप पुस्तिका. सरकारी बांधकामाचा हा आत्मा म्हणावा. पानांवर क्रमांक छापलेले असतात. अभियंत्याने जागेवर माप घेऊन नोंद करायची, खाडाखोड करायची नाही, चूक झाली तर ती छेदून सही करायची, आणि वरच्या अधिकाऱ्याने त्यातली काही मापे स्वतः पडताळायची, असा जुना नियम आहे. आता काही ठिकाणी हे काम संगणकावर होते, पण तत्त्व तेच. या पुस्तिकेतील नोंदीवरच बिल तयार होते. नोंद झाली आहे का, कोणत्या तारखेला झाली, बिल चालू होते की अंतिम, हे कळले की "बिल निघाले नाही" या वाक्याचा खरेखोटेपणा कळतो.

तिसरा, करारातील दोष दायित्वाचे कलम. काम संपल्यावर ठराविक मुदतीत गळती, तडा, फुगारा दिसला तर तो ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो आणि त्यासाठी त्याची सुरक्षा ठेव सरकारकडे अडकलेली असते. मुदत किती हे करारात लिहिलेले असते. ती संपण्याआधी एक पावसाळा जातो की नाही, हे कोकणात फार महत्त्वाचे. पहिल्या पावसात छप्पर गळाले तर त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी किंवा ग्रामपंचायतीने लेखी कळवावे. मुदत टळून गेली की तेच काम पुन्हा नव्या निधीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या कराच्या पैशातून होते.

बिलातून काय कापले जाते?

आमचे कित्येक दुकानदार निविदेचा आकडा ऐकून उधारी देतात. "आठ लाखांचे काम आहे, आपले दीड लाख कुठे जातात?" असा हिशेब करतात. हा हिशेब चुकीचा कसा, ते पाहू.

समजा, कामाची रक्कम ८ लाख. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे १ लाख ४४ हजार. (सरकारी कामांवरचा हा दर १८ जुलै २०२२ पासून १२ वरून १८ झाला.) बिल झाले ९ लाख ४४ हजारांचे. आता कपात. ठेकेदार एकटा व्यक्ती असेल तर आयकर १ टक्का, ८ हजार. करार अडीच लाखांच्या वर असल्याने वस्तू व सेवा करापोटी २ टक्के, १६ हजार. बांधकाम कामगार उपकर १ टक्का, ८ हजार. सुरक्षा ठेव ५ टक्के धरली तर ४० हजार. एकूण ७२ हजार गेले. हातात पडले ८ लाख ७२ हजार. त्यातून कराचे उरलेले १ लाख २८ हजार सरकारला भरायचे. राहिले ७ लाख ४४ हजार.

खरेदीवर भरलेला कर ठेकेदाराला वजा मिळतो, पण पक्के बिल असेल तरच. म्हणून चांगला ठेकेदार पक्के बिल मागतोच. जो म्हणतो, "कच्ची चिठ्ठी चालेल, पाच रुपये कमी करा," त्याला उधारी देताना दहादा विचार करावा. कच्च्या चिठ्ठीवर दिलेला माल कायद्याच्या दृष्टीने जणू दिलेलाच नसतो.

आणखी एक गोष्ट. काम मिळवण्यासाठी जर त्याने अंदाजपत्रकापेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी दर भरला असेल, तर नफा कुठून काढणार? एक तर कामाच्या दर्जातून, नाही तर तुमच्या उधारीतून. कमी दराची निविदा ही सरकारच्या बचतीची बातमी असेल, पण आपल्यासाठी ती धोक्याची खूण आहे.

तो एक टक्का तुमचाच आहे

वर जो १ टक्का कामगार उपकर सांगितला तो १९९६ च्या कायद्याने सुरू झाला. सरकारी बांधकामाच्या बिलातून तो कापून बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. मुलांची शिष्यवृत्ती, आजारपण, अपघात, मृत्यू अशा प्रसंगी नोंदणी असलेल्या कामगाराला त्यातून मदत मिळते. वय १८ ते ६० असावे आणि मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असावा, ही मुख्य अट. दाखला ठेकेदार देऊ शकतो. खेड्यात ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवकही देऊ शकतात.

गवंडी, सुतार, रंगारी, फरशी बसवणारा, वायरमन, प्लंबर हे सर्व यात येतात. तरीही आमचे कित्येक कारागीर नोंदणीपासून दूर आहेत. "आम्ही काय मजूर आहोत का?" अशी एक भावना असते. भावना समजण्यासारखी आहे, परंतु परांचीवर उभे राहून स्लॅब ओतताना पडलेल्या माणसाच्या घरी भावनेने चूल पेटत नाही. ज्या कामावर आपण घाम गाळला त्याच कामातून कापलेला पैसा आपण घेत नाही, ही खेदाची बाब आहे.

कागद मागण्याचा हक्क

आता कोणी म्हणेल, हे कागद आम्हाला कोण दाखवणार? २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा दाखवणार. १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि साधारण ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. न मिळाल्यास अपील आहे. या कायद्यात केवळ कागदाच्या नकला नाहीत, तर कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा व साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. फार थोड्या लोकांना हे ठाऊक असते. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी व देयकाची तारीख एवढेच मागितले तरी पुरे.

शाळेच्या बाबतीत आणखी एक दार उघडे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेला आलेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे या समितीचे कामच आहे. गावातला अनुभवी गवंडी किंवा सुतार जर पालक म्हणून या समितीत असेल, तर वासा सागाचा आहे की रंग लावलेला फणस आहे, हे त्याला सांगायला अभियंता लागत नाही. आपले लोक समितीच्या बैठकीला जात नाहीत आणि नंतर चहाच्या टपरीवर गळक्या वर्गाबद्दल बोलतात. हे बदलले पाहिजे. ग्रामसभेतही दुरुस्तीच्या कामांची यादी व खर्च विचारता येतो. २०२२ साली जिल्हा परिषदेची मुदत संपून काही वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती होता. निवडून आलेला सदस्य नसला की विचारणारा एक माणूस कमी होतो. अशा काळात ग्रामसभेचे महत्त्व वाढते.

वेळणेश्वरलाच २०१२ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आपल्या भागातील मुले आता पदवी-पदविका घेऊन बाहेर पडत आहेत. सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी व मजूर सहकारी संस्थांसाठी लहान सरकारी कामांचा काही वाटा राखून ठेवण्याची पद्धत राज्यात आहे. आखातात नोकरी मिळेपर्यंत घरी बसण्यापेक्षा आमच्या तरुणांनी ही नोंदणी करावी. बाप कुशल गवंडी व मुलगा नोंदणीकृत अभियंता असेल, तर त्या घराला पोटठेकेदाराच्या पायरीवर उभे राहण्याची गरज पडणार नाही.

आपण काय करावे?

आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना काही साध्या सूचना.

माल देण्याआधी कार्यारंभ आदेशाची प्रत पाहावी. ज्याच्या नावाने आदेश आहे तोच समोरचा माणूस आहे की पोटठेकेदार, हे विचारावे. पोटठेकेदार असेल तर मुख्य ठेकेदाराची लेखी हमी घ्यावी.

कारागिराने दर, माप व हप्ते एका साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. पहिला हप्ता काम सुरू होताना, दुसरा छप्पर चढल्यावर, शेवटचा स्वच्छता झाल्यावर; "बिल निघाल्यावर" असा शब्द त्या कागदात येऊ देऊ नये.

दुकानदाराने पक्के बिल व माल पोचल्याची सही जपून ठेवावी. उधारीचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो; ओळखीखातर गप्प बसून ही मुदत घालवू नये. जे स्वतः खिडक्या, ग्रील, विटा वा फर्निचर बनवतात त्यांनी लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी करावी. अशा उत्पादकाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांत द्यावेत, उशीर झाल्यास व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. नुसत्या खरेदी-विक्रीच्या दुकानाला मात्र हे संरक्षण मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, ही शिकवण आपल्या घरांत नवी नाही. लहानपणापासून ऐकलेली आहे. पण दुकानाच्या गल्ल्यावर बसलो की "घरचाच माणूस आहे" म्हणून आपण ती विसरतो, आणि मग तोच घरचा माणूस रस्ता बदलून जाऊ लागतो.

शेवटी एक कडू गोष्ट. ठेकेदार प्रत्येक वेळी परकाच असतो असे नाही. आपल्यातही ठेकेदार आहेत, आणि त्यांतले काही नावाजलेले व सचोटीचे आहेत. परंतु जो आपल्याच कारागिराला सहा महिने फिरवतो, गिलाव्यात सिमेंट चोरतो व न झालेल्या कामाच्या मापावर सही मिळवतो, त्याला आपण लग्नसमारंभात पहिल्या रांगेत बसवतो. सरकारी इमारतीचा पैसा हा कोणा एकाचा नाही म्हणून तो फुकटचा ठरत नाही. तो सर्वांची अमानत आहे. कमी सिमेंटचा गिलावा ज्या हाताने थापला, तो हातही "मला सांगितले तसे केले" म्हणून पूर्ण मोकळा होत नाही.

यंदा मार्चअखेरीस आपल्या गावातल्या शाळेचे किंवा दवाखान्याचे काम निघाले, तर फलकावर रक्कम, ठेकेदाराचे नाव व मुदत लिहिली आहे का, एवढे तरी जाता-येता पाहावे. नसेल तर विचारावे. विचारणारा माणूस आहे हे कळले की माप नीट घेतले जाते. आणि माप नीट घेतले गेले, तर मिरगाच्या पहिल्या सरीत वर्ग कोरडा राहील व दुकानाच्या वहीतले नावही खोडता येईल.